ई-क्लासवरची मोजणी

तूर निघाली. धुऱ्यावर पऱ्हाटीचे भारे.
गट नंबर एकशे बारा, ई-क्लास,
म्हणजे सरकारची, म्हणजे सगळ्यांची,
म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर आधी पोचला त्याची.
उरलेल्या गवतातून मी पहाटे पाचला चालतो,
दोन किलोमीटर, सरळ रेषेत, रोजंदारीवर.
हातात फळी, फळीला कागद, कागदावर रकाने:
नर. मादी. पिल्लू. लेंड्या. खूर.

ताजणे गार्ड म्हणाले होते,
"तुम्हा लोकांना दिसतं लेका, आम्हाला नाही दिसत."
याच डोळ्यांसाठी
माझ्या आज्याला ठाण्यात दोन रात्री उभा ठेवला होता.
आता त्याच डोळ्यांची हजेरी लागते.

तेरा दिवस झाले.
रोही एक, लंगडी.
मोर सहा. गावची कुत्री अकरा.
सोयाबीनच्या कडेनं झटका मशीनची तार, टक्, टक्,
घड्याळ नसलेल्या रानात तेवढंच वाजतं.
काळवीट: शून्य.
शून्य लिहायला मला अजून नीट जमत नाही,
दर वेळी खाली थोडं उघडं राहतं.

संध्याकाळी बाप विचारतो, "किती?"
झाबू त्याचं नाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
शिबिराची चिठ्ठी कुडात खोचलेली, तारीख गेलेली.
मी म्हणतो, "सात."
"नर?"
"एक."
"शिंगाले पीळ किती?"
इथे मी अडखळतो. "चार."
"चार म्हंजे जवान हाये," म्हणतो
आणि भाकर मोडतो.

त्याच्याकडे मोरी नावाची गाय होती.
ती चरत पुढे, बाप तिच्या पोटाआड वाकलेला,
एक हात तिच्या वशिंडावर, दुसऱ्यात फासांची माळ.
काळविटाला सहा पाय दिसायचे.
पण काळवीट मोजत नाही.
मोजतो तो माणूसच.
मोरी म्हातारी होऊन मेली, तेव्हा बापानं तिला पुरलं
आणि मला शाळेत घातलं. एकाच आठवड्यात.

चौदाव्या दिवशी, नाल्याच्या वळणावर,
दोन हिवरांच्या मधल्या वाटेत, गवताच्या उंचीला,
फास.
तांत नवी. गाठ डावीकडून फिरवलेली,
आमच्या तांड्यात ती गाठ एकच माणूस मारतो.
मी आजूबाजूला पाहिलं. फळी खाली ठेवली.
या गाठीला किती वर्षं, ते मला प्रशिक्षणात शिकवलंय.

तांतीवरून बोटं फिरवत गेलो खुंटीपर्यंत.
खुंटी नव्हती.
तांतीचं दुसरं टोक मोकळं,
गवतात नुसतं पडलेलं.
ज्याची मान अडकेल तो
गळ्यात दोरा घालून चालता होईल, एवढंच.

म्हणजे रात्री, मी झोपल्यावर,
काठीनं नाला चाचपत तो इथवर येतो,
हात लावून बघतो:
फास गेला का?
जागेवरच असायचा. रोज.
म्हणजे त्याला शून्य ठाऊक होतं.
माझे सात त्यानं तेरा संध्याकाळ
कालवणासारखे भाकरीला लावून खाल्ले होते.

रकान्यांत फास नव्हता. इतर शेरा होता.
मी तो कोरा ठेवला.
फास सोडवला, गुंडाळला, खिशात घातला,
गवत थोडं विस्कटलं, जावं तसं कोणी घाईनं गेलेलं.

त्या रात्री ताटीचा आवाज झाला, मी डोळे मिटून पडलो.
पहाटे ताटीचा परत आवाज.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं "किती" विचारलं नाही.
दाराशी नवी तांत वळत बसला होता,
मांडीवर, तळहातानं, न बघता.
"नाल्यापाशी मातीले हात लावला म्या," म्हणाला.
"नर हाये एक तिकडे."
मी गप्प.
"भारी हाये. टाच घासते.
अन् बूट घालून हिंडते."

मग भाकर मागितली. मी दिली.
खिशातला फास काढून त्याच्या मांडीवर ठेवला.
त्यानं गाठ चाचपली,
सोडली,
आणि परत मारली, जरा ढिली.